डेम्लो स्टेशनवरची संख्या

भिवंडी रोडहून दिव्याची गाडी पकडली की मध्ये कोपर लागतं, पलीकडे डोंबिवली. हीच डोंबिवली जीआयपी रेल्वेच्या काळात 'डेम्लो' होती. तिथे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांना काही संख्या सुचल्या, म्हणून नावही डेम्लो संख्या! त्यातली ही बघा: १२३४५६७८९८७६५४३२१. १११११११११ चा वर्ग. अंकांची बेरीज ८१, म्हणजे पुन्हा ९ चा वर्ग. दहा एक घेतले की हातचा येतो आणि सगळा डौल मोडतो.

कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर, शिक्षण बी.एस्सी. पर्यंत. त्यांच्या संख्यांना पोरखेळ म्हणणारे पुष्कळ होते. १९७५ साली मार्टिन गार्डनरने 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिलं, तेव्हा कुठे जगाला कळलं.

परवा ही संख्या एक्सेलमध्ये टाकली. शेवटच्या २१ चे ०० झाले! एक्सेल १५ अंकांपुढे लक्षात ठेवत नाही. मास्तरांचं सगळं कागद-पेन्सिलीवर, आणि शेवटचा १ सुद्धा जागेवर.