स्मृतिभ्रंशातील वर्तनलक्षणे व त्यांची हाताळणी
चिडचिड, संशय, भास, भटकणे, निरिच्छता, रात्रीची जाग यांपैकी काही ना काही बहुतेक स्मृतिभ्रंशी रुग्णांत केव्हातरी दिसते आणि घरच्यांना विस्मरणाहूनही अधिक थकवते. याला मेंदूच्या ऱ्हासाचे अटळ फळ मानून सोडून देणे चूक आहे. नॉर्वेतील शुश्रूषागृहांतल्या ३५२ रुग्णांच्या अभ्यासात (२०११) पद्धतशीर वेदनाशामक उपचारांनी अस्वस्थता लक्षणीय घटली. सांगता न येणारे दुखणे रागावाटे बाहेर पडत होते. म्हणून वागणे अचानक बदलले की आधी मूत्रसंसर्ग, बद्धकोष्ठ, नवी औषधे तपासावीत. पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात शरीरातले पाणी कमी होणे हीच पहिली शंका असावी. शिंदेशाहीपासून तेथे वसलेल्या मराठी कुटुंबांत आणखी एक बाजू येते. नंतर शिकलेली भाषा आधी निसटू शकते. मग हिंदीतली सूचना न कळल्याने आंघोळीला केलेला विरोध निव्वळ हट्ट समजला जातो.

अंगावर धावून येणाऱ्या रुग्णापुढे कारणे शोधायला सवड कुठे, हा आक्षेप रास्त आहे. तीव्र धोका असताना रिस्पेरिडोनसारखे मनोविकृतिरोधी औषध अल्प मात्रेत, मुदत ठरवून देता येते. मात्र या वर्गातील औषधांनी स्मृतिभ्रंशी वृद्धांत मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्ये दिला, लाभही मर्यादितच. ल्यूई बॉडी प्रकारच्या स्मृतिभ्रंशात तर ती फारच घातक ठरू शकतात. बांधून ठेवणे हाही पर्याय नव्हे : २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मानसिक रुग्णाला साखळदंड घालण्यास पूर्ण मनाई केली असून कायद्यातील मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृतीचे गंभीर विकारही मोडतात.