सोंगटी आणि सोंग

वेरूळच्या २१ क्रमांकाच्या, म्हणजे रामेश्वर लेण्यात शिवपार्वती द्यूत खेळत बसलेली आहेत. हे काम सहाव्या शतकातील. १४ व २९ क्रमांकांच्या लेण्यांतही हाच प्रसंग कोरलेला आहे. छत्रपती संभाजीनगराहून येणारा प्रवासी बहुधा कैलासाकडे धाव घेतो आणि हा शिल्पपट मागे राहतो. आम्हांस त्यात कौतुक वाटते ते खालच्या पट्टीचे. वर देव फासे टाकीत आहेत आणि खाली गणांनी नंदीशी दांडगाई मांडली आहे. जणू नंदीच पणास लागला! येथे हार सोंगटीची नव्हे, खेळणाराची आहे.

आमच्या घरगुती सारीपाटात असे होत नाही. सोंगटी मेली तरी आपण खुशाल पानसुपारी खात बसतो. व्युत्पत्ती काहीही असो, कानाला 'सोंगटी'त 'सोंग' ऐकू येते. खेळात मात्र सोंग नाही. ते आहे मोक्षपटात. हा खेळ ज्ञानेश्वरांनी रचला अशी आख्यायिका आहे व पैठण-आपेगावच्या परिसरास तिचा अभिमान वाटणे साहजिक आहे. तथापि त्यांच्या काळचा एकही पट उपलब्ध नाही, हेही सांगितले पाहिजे. जुन्या पटांवर प्रत्येक घरास नाव असे. ७२ घरांच्या वैष्णव पटावर भक्तीच्या घरातून वाट थेट वैकुंठास पोचते. तेथे सोंगटी म्हणजे खेळणारा जीव स्वतः होय; साप गिळतो तो आपणांस. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा खेळ इंग्लंडात गेला. तेथे प्रथम सद्गुणदुर्गुणांची चित्रे तरी होती. पुढे तीही गेली आणि नुसते आकडे उरले. खेळ सोपा झाला खरा, पण त्यातला माणूस उठून गेला.

सोपेपणाची दुसरीही एक रीत आहे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ तीन पुस्तिकांच्या रूपाने प्रसिद्ध केला. त्यात एक जण सूत्रधार होतो. बाकीचे कोणी योद्धा, कोणी मांत्रिक अशी सोंगे घेतात. तीन फासे सहा वेळा टाकून बळ, बुद्धी इत्यादी गुणांचे अंक ठरतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळणारा आपण काय करतो ते सांगतो, आणि निकाल संशयित असेल तेथेच फासा पडतो. कोणी जिंकत नाही; कथा पुढे जाते. पुढे नियमांचे ग्रंथ इतके फुगले की नवख्याने उंबरठ्यावरूनच परतावे. १९८१ साली टॉम मोल्डवे याने नवशिक्यांसाठी ६४ पानांची पुस्तिका सिद्ध केली. २००६ पासून काही हौशी मंडळींनी जुने नियम पुन्हा मांडण्यास आरंभ केला. २००७चे 'बेसिक फँटसी' तर विनामूल्य मिळते. यांनी नियम टाकले, सोंग ठेवले. मोक्षपटाचे इंग्रजी संस्करण करणारांनी नेमके उलटे केले. दोघांचीही कृती सुलभीकरणच. परंतु आमच्या मते टाकले काय, यावरून तिची किंमत करावी.

मूळ नावातील 'डंजन' म्हणजे अंधारकोठडी. ती शोधण्यास आपल्या वाचकांनी परदेशी जाण्याचे कारण नाही. वेरूळच्या वाटेवरच देवगिरीचा किल्ला आहे आणि त्याच्या खडकात कोरलेली 'अंधारी' आहे. तेथील चुकीचे वळण घेणारा शत्रू खंदकात पडे, असे वाटाडे सांगतात. घरातील कथेकरी आजीबाईंस सूत्रधार करावे, चार मुले भोवती बसवावी, कागद, पेन्सिल व फासे एवढेच साहित्य घ्यावे. मग आजीबाईंनी आवाज खाली आणून म्हणावे: खंदकावरचा पूल मागे राहिला, मशाल एकच आहे, डावीकडून वारा येतो, उजवीकडे वटवाघळे फडफडतात. बोला, कोठे वळता?