देवीच्या लशीपासून करोनापर्यंत : वाटपाचा उघडा हिशेब

कलबुर्गी जिल्ह्याच्या आळंद तालुक्यात निंबर्गा हे गाव आहे. तालुक्याच्या पश्चिमेस सोलापूर जिल्ह्यातील अक्कलकोट लागते. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो म्हैसूर राज्यात गेला आणि १९७३ मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. या पट्ट्यात मराठी आणि कानडी शेजारी नांदतात. सोयरिकी आणि बाजारहाट सीमा ओलांडून चालतात. सरकारी वाटप मात्र सीमेपाशी थांबते. एक बहीण आळंद तालुक्यात आणि दुसरी अक्कलकोटात दिली असेल, तर दोघींच्या वाट्याची लस दोन वेगळ्या राजधान्यांतून सुटते. एकीला मिळाली आणि दुसरीला मिळाली नाही, तर कारण कोणाला विचारायचे? हा प्रश्न २०२१ मध्ये तीव्र झाला, पण तो नवा नव्हता.

१४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस यशस्वीपणे टोचण्यात आली. हिंदुस्थानातील ही पहिलीच वेळ. व्हिएन्नाहून बगदाद-बसऱ्याच्या वाटेने आलेली ही लस तिच्या दंडावरून दुसऱ्या मुलांच्या दंडावर गेली आणि तेथून पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास येथे पोहोचली. दंडावरचा फोड पिकला की ठरावीक दिवसांत दुसरा दंड शोधावा लागे. साखळी तुटली की लस संपे. ही टंचाई लशीच्या स्वभावातच होती. परंतु साखळी कोणत्या दिशेने न्यायची हे कंपनी सरकारचे अधिकारी ठरवीत, आणि त्याचे कारण रयतेला सांगण्याची रीत नव्हती. पुढे ‘देवी काढणारा’ गावोगाव फिरू लागला तेव्हाही तो कधी येणार आणि कोणत्या वस्तीत जाणार, हे त्याच्या वहीतच राही.

स्वतंत्र भारतात १९६२ मध्ये देवी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. लोकसंख्येचा फार मोठा हिस्सा टोचून काढायचा, असे त्याचे उद्दिष्ट होते. आकडे भराभर वाढले, तरी साथी थांबल्या नाहीत. याचे एक कारण शिकवण्याजोगे आहे. नोंद टोचण्यांची होत होती, माणसांची नव्हे. शाळेतील हाताशी असलेली मुले पुनःपुन्हा टोचली जात आणि आडवळणाच्या वस्त्या राहून जात. एकूण बेरीज खरी असूनही ती गावाचे चित्र लपवीत होती. पुढे धोरण बदलले : रुग्ण शोधायचा आणि त्याच्या भोवतालच्या सर्वांना आधी टोचायचे. १९७३ पासून घरोघरी शोध सुरू झाला आणि रुग्णाची खबर देणाऱ्यास बक्षीस जाहीर झाले. लस आधी कोठे जाणार याचा नियम आता खेड्यातल्या माणसालाही कळत होता, आणि तो पाळला जातो की नाही हेही त्याला दिसत होते. १९७५ मध्ये देशातील शेवटचा रुग्ण सापडला. या काळात सुकवलेली लस तयार करणाऱ्या देशातील चार संस्थांपैकी एक बेळगावची होती, हे सीमाभागाने लक्षात ठेवावे.

करोनाने देशात घेतलेला नोंदीतला पहिला बळी कलबुर्गीचा होता. तो मृत्यू १० मार्च २०२० चा. १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाले आणि एप्रिलमध्ये टंचाई उघडी पडली. ८ एप्रिल रोजी महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी राज्याला केवळ साडेसात लाख मात्रा दिल्या जात असल्याची जाहीर तक्रार केली. केंद्राने ती फेटाळली आणि नियोजनाचा दोष राज्याकडे दिला. दोन्ही बाजूंकडे आकडे होते. ज्यावर ते घासून पाहावेत असा प्रसिद्ध नियम मात्र लोकांपुढे नव्हता. १ मेपासून निम्म्या मात्रा केंद्राला आणि उरलेल्या राज्ये व खाजगी रुग्णालये यांना, अशी विभागणी झाली. अठरा ते चव्वेचाळीस वयोगटाला संगणकावर नोंदणी सक्तीची होती. परिणामी शहरातील लोक ग्रामीण केंद्रांवरच्या जागा अडवून बसले : मात्रा गावाच्या नावावर, दंड शहराचा. ३१ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने खरेदीच्या तारखा, संख्या आणि धोरणामागील कागदपत्रे यांची मागणी केली.

८ जूनच्या सुधारित सूचनांत एक महत्त्वाचे पाऊल होते. लोकसंख्या, रुग्णभार आणि लसीकरणाची प्रगती हे वाटपाचे आधार सांगितले गेले. वाया जाणाऱ्या मात्रांमुळे वाटा घटेल, हेही सांगितले गेले. राज्यांनी जिल्हावार आणि केंद्रवार उपलब्धता आगाऊ जाहीर करावी व स्थानिक लोकांत तिचा प्रसार करावा, असेही त्यात होते. पण कोणत्या आधाराला किती वजन, हे त्यात नव्हते. आधार कळले तरी वजन न कळल्यास आपला वाटा बरोबर आहे की नाही, हे जिल्ह्यालाही पडताळता येत नाही, मग गावाची काय कथा?

शिल्लक जाहीर केली तर गर्दी उसळेल, अशी भीती अधिकारी व्यक्त करतात. ती अगदीच निराधार नाही. परंतु आकडा ठाऊक नसल्यामुळेच माणसे पहाटेपासून रांगेत उभी राहतात आणि दुपारी रिकाम्या हाताने परततात. कर्नाटकाने २००० मध्ये आणि महाराष्ट्राने २००२ मध्ये माहितीच्या अधिकाराचे आपापले कायदे केले. २००५ च्या केंद्रीय कायद्याने तर निर्णयामागील माहिती न मागता प्रसिद्ध करण्याचे कर्तव्य शासनावर टाकले. कायदा आहे, तो आरोग्यकेंद्राच्या भिंतीपर्यंत आला पाहिजे. किती मात्रा आल्या, कोणत्या नियमाने आल्या, किती जणांना दिल्या, किती उरल्या आणि पुढची खेप कधी, एवढ्या पाच ओळी निंबर्ग्यात कानडीत आणि मराठीत, अक्कलकोटात मराठीत आणि कानडीत लिहिल्या जाव्यात. मात्रा तेवढ्याच राहतील. पण आपली पाळी का आली नाही, हे दोन्ही बहिणींना वाचता येईल, आणि नियम मोडला असेल तर तेही त्यांना म्हणता येईल.