अठरा वर्षांच्या दोघी

१९ फेब्रुवारी म्हटलं की आपल्याला शिवजयंती आठवते. माझ्या डोक्यात मात्र गेले काही दिवस दुसरीच एक १९ फेब्रुवारी घोळते आहे, १८१२ सालची.

त्या दिवशी अमेरिकेतल्या सेलम बंदरातून 'कॅरव्हान' नावाचं व्यापारी जहाज कलकत्त्याला निघालं. दिवस ऐन हिवाळ्याचे. जहाजावर दोन नवी जोडपी होती, अॅडोनिरम आणि अॅन जडसन, सॅम्युएल आणि हॅरिएट न्यूवेल. जडसनांच्या लग्नाला दोन आठवडे झालेले, न्यूवेलांच्या लग्नाला दहा दिवस. चौघांत सगळ्यात मोठा सॅम्युएल, वय वर्षं २७. हॅरिएट फक्त १८ वर्षांची.

हे सगळं सुरू झालं ते १८०६ साली. विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी वादळी पावसात गवताच्या गंजीच्या आडोशाला थांबले, तिथेच प्रार्थना केली आणि आशियात धर्मप्रसारासाठी जायचं ठरवलं. म्हणजे कॉलेजच्या पोरांचं खूळच म्हणा ना! पण त्यातून १८१० मध्ये 'अमेरिकन बोर्ड' ही संस्था उभी राहिली आणि दोन वर्षांत तिची पहिली तुकडी समुद्रावर होती.

मी सारखी विचार करते तो हॅरिएटच्या आईचा. चार वर्षांपूर्वी नवरा गेलेला, घरात पोरं बरीच, आणि ही मुलगी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला निघालेली. पत्र पोचायला महिनोन् महिने. तरी आईने अडवलं नाही. आज आपल्याकडची मुलं परदेशी गेली की विमान उतरायच्या आत आपला फोन वाजायला लागतो!

प्रवास जवळजवळ चार महिन्यांचा. जहाजावर हालचाल नाही म्हणून ही मंडळी डेकवर दोरीच्या उड्या मारायची. त्यातच जडसन ग्रीक बायबल वाचता वाचता आपल्याच पंथाच्या शिकवणीबद्दल शंका घ्यायला लागला. (पुढे कलकत्त्यात तो बाप्टिस्ट झाला, आणि नवराबायको ब्रह्मदेशात गेले.)

जूनमध्ये ते कलकत्त्याला पोचले. विल्यम केरीने त्यांना सेरामपूरला नेलं. सेरामपूर म्हणजे श्रीरामपूर, आपलं नगरचं नव्हे, बंगालमधलं. हा केरी आपल्यालाही परका नाही. १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण आणि १८१० मध्ये मराठीचा कोश छापणारा तोच. पण पाहुणचार फार दिवस टिकला नाही. धर्मात ढवळाढवळ झाली तर लोक बिथरतील आणि राज्य-व्यापार दोन्ही अडचणीत येतील, ही कंपनी सरकारची जुनी भीती. वेल्लोरचं बंड होऊन सहाच वर्षं झाली होती. त्यात हे अमेरिकन, आणि त्याच जूनमध्ये अमेरिकेने इंग्लंडशी युद्ध पुकारलेलं. 'निघा' असा हुकूम झाला.

ऑगस्टमध्ये न्यूवेल पतिपत्नी मॉरिशसला निघाले. हॅरिएट गरोदर होती. जहाजाला गळती लागली म्हणून आंध्रच्या किनाऱ्यावर कोरिंगाला थांबावं लागलं. पुढे भर समुद्रात तिला मुलगी झाली. पाच दिवसांनी ती बाळी गेली. हॅरिएटला क्षयाने गाठलं, आणि ३० नोव्हेंबर १८१२ ला मॉरिशसमध्ये तीही गेली. वय १९.

हिशेब मांडला तर हातात काय उरतं? एक शाळा नाही, एक पुस्तक नाही. ज्यांना 'तारायला' ती निघाली होती त्यांना कुणी विचारलंही नव्हतं, की बाबांनो, तुम्हाला हे हवंय का? तिच्या मनातला हिंदुस्थान सगळा ऐकीव, अंधारात चाचपडणाऱ्यांचा देश. हे मला खटकतं, आणि खटकायलाच हवं. तरी त्या पोरीचा राग येत नाही.

गोष्ट मात्र तिथे संपली नाही. तिची डायरी आणि पत्रं १८१४ मध्ये छापली गेली आणि अमेरिकेत घरोघरी वाचली गेली. तिचे सहकारी मुंबईत पोचले, मागाहून सॅम्युएलही आला. अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं. शाळा निघाल्या, छापखाना आला. पुढे याच बोर्डाने पाठवलेला रॉयल वाइल्डर आधी नगरला, मग कोल्हापूरला आला. कोल्हापुरातल्याच एका पोस्ट कारकुनाने, बायकोला अमेरिकेत शिकवायचं म्हणून वाइल्डरकडे मदत मागितली. वाइल्डरने ते पत्र आपल्या मासिकात छापलं, वर ख्रिस्ती व्हायचा सल्लाही दिला. १८८० मध्ये न्यू जर्सीतल्या मिसेस कार्पेंटर दातांच्या डॉक्टरकडे ताटकळत बसल्या असताना तो अंक त्यांच्या हाती पडला...

ओळखलंत ना? कारकून गोपाळराव जोशी, आणि बायको आपली आनंदीबाई!

२४ फेब्रुवारी १८८३ ला आनंदीबाईंनी जाहीर भाषण केलं, ते कुठे? सेरामपूरच्या कॉलेजात, केरी आणि त्याच्या सोबत्यांनी काढलेल्या. आणि काय सांगितलं? मी हिंदू म्हणूनच जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार. मिशनऱ्यांच्याच वास्तूत! ७ एप्रिलला त्या कलकत्त्याहून निघाल्या तेव्हा नुकतंच १८ वं वर्ष पुरं झालं होतं. त्यांचंही बाळ दहा दिवसांत गेलं होतं. त्यांनाही क्षयानेच नेलं, २६ फेब्रुवारी १८८७ ला, २२ व्या वाढदिवसाच्या आधी.

दोघींत फरक मोठा आहे. एक न मागितलेलं द्यायला निघाली, दुसरी गरजेचं होतं ते आणायला. वयाच्या १४ व्या वर्षी स्वतःचं बाळ गमावलेल्या बाईला दुसऱ्या बायांसाठी डॉक्टर व्हायचं होतं. डाव्या-उजव्यात मला तरी संशय नाही. पण आनंदीबाईंच्या वाटेतला एक दगड हॅरिएटच्या लोकांनी ठेवलेला होता, त्यांच्या मनात ते नसतानाही. इतिहास असा कुणाच्या हेतूला विचारून चालत नाही.

आपल्याकडे मिशनरी म्हटलं की दोनच बाजू, धर्म बुडवायला आलेले नाहीतर उपकारकर्ते. समुद्रात पाच दिवसांची लेक सोडून द्यावी लागलेली ती १९ वर्षांची बाई कुठल्या रकान्यात घालायची? मला ती कुठल्याच रकान्यात बसवता येत नाही. आणि बसवायचीही नाही.