गाणे आणि गाणाऱ्यांचा इतिहास

'हम होंगे कामयाब' हे गाणे आपल्याकडे शाळाशाळांतून म्हटले जाते. आमच्या वटारच्या परिसरात एखादा वारसा महोत्सव भरला की समारोपाला ते हमखास येते. टाळ्या पडतात. पण ते प्रथम कोण गात होते आणि कशासाठी, हे व्यासपीठावरून कोणी सांगत नाही. वारशाच्या नावाने चाल तेवढी उचलायची आणि माणसे गाळायची, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. म्हणून हा इतिहास आपण समजून घेतला पाहिजे.

हिंदी शब्द गिरिजाकुमार माथुरांचे. मूळ गीत 'वी शॅल ओव्हरकम'. त्याची मुळे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या प्रार्थनागीतांत आहेत. १९४५-४६ साली साउथ कॅरोलायनातील चार्ल्स्टन येथे तंबाखूच्या कारखान्यात संप झाला. संपात कृष्णवर्णीय स्त्रिया आघाडीवर होत्या. त्यांच्यातील ल्युसिल सिमन्स ही कामगार बाई हे गीत संथ लयीत गात असे. पुढे टेनेसीतील हायलँडर शाळेमार्फत ते पसरले आणि १९६० नंतर नागरी हक्कांच्या लढ्याचे गीत झाले. मात्र स्वामित्वहक्काच्या नोंदीत नावे लागली ती गोऱ्या गायकांची. मानधन चळवळीच्या निधीला जात होते, हे खरे. पण संपातल्या बाईचे नाव कागदावर आले नाही. २०१८ साली न्यायालयीन तडजोडीनंतर ते गीत सर्वांना मोकळे झाले.

याच्याही मागे जाऊ. गुलामगिरी संपल्यावर, १८६६ साली, नॅशव्हिल येथे मुक्त गुलामांसाठी फिस्क विद्यालय निघाले. पैशाअभावी ते बंद पडण्याच्या बेतात आले, तेव्हा ६ ऑक्टोबर १८७१ रोजी नऊ विद्यार्थी गाऊन निधी गोळा करण्यासाठी बाहेर पडले. त्यांतले बहुतेक गुलामीत जन्मलेले. तोंडाला काळे फासून कृष्णवर्णीयांची टिंगल करणारे गोऱ्यांचे तमाशे तेव्हा लोकप्रिय होते. या मुलांनी ती सोंगे नाकारली. पण आईबापांची गुलामीतली गाणी चारचौघांत गायलाही ती प्रथम तयार नव्हती. ती गाणी गुलामीच्या काळोखाशी जोडलेली होती आणि आईबापांना ती पवित्र होती, असे त्यांच्यातील एला शेपर्ड हिने पुढे लिहिले आहे. अखेर त्यांनी ती स्वतःच्या निर्णयाने गायिली. त्या पैशातून १८७६ साली जुबिली हॉल उभा राहिला.

आमच्या घराण्यात मी पहिला पदवीधर. त्यामुळे त्या मुलांचा संकोच मला परका वाटत नाही. हलगी वाजली की आमच्यातील कित्येक शिकलेली माणसे अजूनही अवघडतात. याचे कारण कलेत नाही, सक्तीत आहे. हलगी वाजवणे हे गावाने लादलेले काम होते आणि त्याचा मोबदला म्हणजे शिळी भाकरी.

फिस्कच्या मुलांनी केले तेच आपल्या जलशांनी केले. गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकनांना जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली. त्यांच्या सत्यशोधक परंपरेने तमाशाचा साचा घेऊन त्यात ब्राह्मणशाहीची चिकित्सा भरली. पुढे भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. तीच ढोलकी, तेच सवाल-जवाब. पण आता काय गायचे आणि कोणापुढे गायचे, हे गाणारा ठरवीत होता.

तेव्हा प्रश्न परंपरा टिकवण्याचा की टाकण्याचा, एवढाच नाही. तिच्यावर अधिकार कोणाचा, हा खरा प्रश्न आहे. महोत्सवात हलगी वाजू द्या. पण वादकाचे नाव पत्रिकेत छापा, त्याला ठरवून बिदागी द्या, आणि त्याच्या आजोबाला ती का वाजवावी लागत होती हे त्याला माइकवर बोलू द्या. 'हम होंगे कामयाब' म्हणण्यापूर्वी मुलांना चार्ल्स्टनच्या संपाविषयी सांगा. शिक्षकांना हे सहज जमण्यासारखे आहे. त्याला पाच मिनिटे लागतात.