चायकॉव्हस्की पा द द

अभिजात बॅलेतील एक प्रसिद्ध युगुलनृत्य. ‘पा द द’ ह्या फ्रेंच संज्ञेचा शब्दशः अर्थ ‘दोघांचा पदन्यास’ असा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मार्यूस पेतीपा ह्याने रशियात त्याचा साचा पक्का केला : प्रथम संथ लयीतील एकत्र नृत्य (आदाजिओ), नंतर नर्तक व नर्तिका ह्यांची स्वतंत्र नृत्ये आणि अखेरीस द्रुत लयीतील ‘कोडा’. प्रस्तुत नृत्य ह्याच साच्यातील असले, तरी त्याच्या संगीताचा इतिहास विलक्षण आहे.

चायकॉव्हस्कीच्या स्वान लेक ह्या बॅलेचा पहिला प्रयोग मॉस्कोच्या बल्शॉय रंगमंदिरात ४ मार्च १८७७ रोजी झाला. त्यात मुख्य भूमिका पिलागेया कार्पाकोव्हा हिची होती. चौथ्या प्रयोगापासून ती भूमिका ॲना सोबेश्चान्स्काया हिच्याकडे आली. राइसिंगर ह्याची नृत्यरचना तिला पसंत नव्हती. तत्कालीन आठवणींनुसार तिने सेंट पीटर्झबर्गला जाऊन पेतीपाकडून तिसऱ्या अंकासाठी नवे युगुलनृत्य बसवून घेतले. त्याचे संगीत मात्र मिंकुसचे होते. आपल्या कृतीत परक्याचे संगीत घालण्यास चायकॉव्हस्कीने हरकत घेतली. नर्तिकाही बसविलेले नृत्य बदलण्यास तयार नव्हती. अखेर चायकॉव्हस्कीने मिंकुसच्या रचनेतील मात्रांचा हिशेब तंतोतंत सांभाळून स्वतःचे संगीत लिहिले. आधीच ठरलेल्या पावलांच्या मापाने सूर बेतण्याचे हे काम कोणाही संगीतकाराला जाचक वाटावे असेच होते. परंतु ऐकताना ती बेडी कोठेही जाणवत नाही.

बॅलेच्या मुद्रित स्वरलेखात ही रचना समाविष्ट नव्हती. १८९५ मध्ये, म्हणजे चायकॉव्हस्कीच्या मृत्यूनंतर, पेतीपा व इव्हानोव्ह ह्यांनी स्वान लेक नव्याने सादर केले. त्या वेळी पहिल्या अंकातील युगुलनृत्याचे संगीत तिसऱ्या अंकात आणण्यात आले. पीएरीना लेन्यानीच्या बत्तीस गिरक्यांनी गाजलेले ‘काळ्या हंसिनी’चे नृत्य ते हेच. त्यामुळे सोबेश्चान्स्कायासाठी लिहिलेले संगीत विस्मृतीत गेले. १९५३ मध्ये बल्शॉय रंगमंदिराच्या संग्रहात त्याची व्हायोलिनसाठी केलेली तालमीची प्रत सापडली. शेबालिनने त्याची वाद्यवृंदरचना केली व व्लादीमिर बुरमाइस्टरने त्याच वर्षी मॉस्कोत सादर केलेल्या स्वान लेकमध्ये ते वापरले.

जॉर्ज बॅलंचीन ह्याने ह्या संगीतावर स्वतंत्र नृत्य रचले. व्हायोलेट व्हर्डी व कॉनरॅड लडलो ह्यांनी न्यूयॉर्क सिटी बॅलेतर्फे २९ मार्च १९६० रोजी ते प्रथम सादर केले. ह्या सुमारे दहा मिनिटांच्या नृत्यात हंसकन्या, राजपुत्र वा कपट ह्यांपैकी काहीही नाही. रंगमंचही मोकळाच असतो. त्यामुळे चूक झाकण्यास आडोसा उरत नाही. आदाजिओत नर्तकाचा आधार जितका अदृश्य, तितके नृत्य सरस. नर्तिकेचे स्वतंत्र नृत्य चपळ, बारीक पदन्यासांचे आहे. त्यात नेमक्या तालापेक्षा तालाशी चाललेल्या लाडिक खेळास अधिक महत्त्व असून, संगीताची जाण असलेल्या व्हर्डीच्या ठिकाणी ते कौशल्य विशेष होते. नर्तकाच्या वाट्याला उंच उड्या व गिरक्या येतात. कोडामध्ये नर्तिका धावत येऊन डोके खाली झुकवीत हवेत झेपावते व जमिनीलगत आली असता नर्तक तिला झेलतो. क्षणाचाही विलंब येथे अपघातास कारण होऊ शकतो आणि म्हणूनच परस्परांच्या अंगवळणी पडलेल्या जोडीलाच हा भाग निर्धास्तपणे करता येतो. पॅट्रिशिया मॅकब्राइड व एडवर्ड व्हिलेला ह्यांची जोडीही ह्या नृत्यासाठी नावाजली गेली. पुढे जगभरच्या अनेक बॅले संस्थांनी ते आपल्या कार्यक्रमांत घेतले. उत्सवी प्रयोगांत तर ते वारंवार दिसते.