कोर्दोबाचं कॅथीड्रल आणि 1523 सालचा एक वाद

आज आपल्याला स्पेनमधल्या कोर्दोबा शहरातल्या कॅथीड्रलविषयी बोलायचं आहे. कॅथीड्रल म्हणजे बिशपचं पीठ असलेलं मुख्य चर्च. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, वास्तुशास्त्र हा काही आमचा प्रांत नव्हे. पण कोर्दोबा आम्हाला तत्त्वज्ञानातूनच भेटलं. ॲरिस्टॉटलचा थोर भाष्यकार इब्न रुश्द 1126 साली याच गावात जन्मला. त्याचे आजोबा इथले मुख्य काझी होते, पुढे तोही काझी झाला. तेव्हा ही वास्तू मशीद होती. त्यामुळे ‘वस्तू बदलत गेली तरी ती तीच राहते का’ हा आमच्या वर्गातला जुना प्रश्न या इमारतीपाशी दगडाचा होऊन उभा राहतो.

आधी इमारत कशी वाढली ते पाहू. दमास्कसहून जीव वाचवून पळालेला उमय्या घराण्यातला राजपुत्र अब्द अल-रहमान स्पेनमध्ये आला, सत्ताधीश झाला आणि 785-86 च्या सुमारास त्याने ही मशीद सुरू केली. खांब नवे घडवले नाहीत. रोमन आणि व्हिसिगॉथ काळातल्या जुन्या इमारतींचे खांब आणून लावले. आता अडचण अशी, की हे खांब आखूड. त्यांच्यावर थेट छप्पर टाकलं तर एवढा मोठा दालनपट्टा बुटका आणि अंधारा होणार. मग कारागिरांनी काय केलं? खांबावर दुसरा चौकोनी खांब चढवला आणि दोन मजली कमानी घातल्या. खालची कमान घोड्याच्या नालेसारखी. ती छप्पर पेलत नाही, दोन खांबांना एकमेकांपासून हलू देत नाही, एवढंच तिचं काम. वरची कमान अर्धवर्तुळाकार. ती छपराचा भार घेते. कमानीत एक पट्टा लाल विटांचा, एक फिक्या दगडाचा. मेरिदा गावी रोमनांनी बांधलेला पाण्याचा पूल आहे, त्यातही विटा आणि दगड असे आलटून पालटून येतात, कमानी एकावर एक येतात. त्यावरून ही कल्पना सुचली असावी असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं.

म्हणजे पहा, मशीद उभी राहिली तीच रोमन खांबांवर. ‘मूळ’ हा शब्द इथे पहिल्या दिवसापासूनच जपून वापरावा लागतो.

पुढच्या दोनशे वर्षांत ती तीनदा वाढली. नवव्या शतकात दुसऱ्या अब्द अल-रहमानने ती दक्षिणेकडे वाढवली. दहाव्या शतकात दुसऱ्या अल-हकमने आणखी दक्षिणेला नेली आणि मिहराब, म्हणजे प्रार्थनेची दिशा दाखवणारा कोनाडा, सोनेरी काचतुकड्यांच्या नक्षीने मढवला. त्यासाठी साहित्य आणि कारागीर ख्रिस्ती बायझंटाइन सम्राटाकडून आले, असं अरबी इतिहासकार सांगतात. तिसरी वाढ 987-88 च्या सुमारास अल-मन्सूर या वजिराने केली. दक्षिणेला ग्वादाल्कीविर नदी, पश्चिमेला राजवाडा. मग तो पूर्वेकडे वळला. आठ नवे पट्टे जोडले, पण त्यामुळे मिहराब मधोमध राहिला नाही, एका बाजूला पडला. याच अल-मन्सूरने कर्मठांना खूश करायला अल-हकमच्या ग्रंथालयातली तत्त्वज्ञानाची पुस्तकं जाळायला दिली होती. बांधणारा हात आणि जाळणारा हात एकच. इतिहासात हे वारंवार दिसतं.

29 जून 1236 रोजी कॅस्टीलचा राजा तिसरा फर्नांदो याच्या हाती शहर आलं. मशिदीचं लगेच कॅथीड्रल झालं, पण पाडापाडी झाली नाही. कडेकडेने छोटी प्रार्थनास्थळं बसवली, काही दारं बुजवली. 1489 मध्ये आत एक गॉथिक दालन घातलं गेलं, तरीही खांबांचं रान बहुतेक शाबूत राहिलं. जवळजवळ तीनशे वर्षं ख्रिस्ती प्रार्थना त्याच कमानींखाली होत होत्या आणि त्यात कुणाचं काही अडलं नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. 1523 साली बिशप आलोन्सो मान्रिके यांनी ठरवलं, की मधोमध खांब काढून त्या जागी उंच, नव्या पद्धतीचं चर्च उभारायचं. याला विरोध कुणी केला? शहरात तेव्हा उघडपणे इस्लाम पाळणारं कुणी उरलंच नव्हतं. 1502 मध्येच कॅस्टीलमधल्या मुसलमानांना धर्म बदला नाहीतर देश सोडा असा हुकूम झाला होता. विरोध केला नगरसभेने. सगळे कॅथलिक, सगळे चर्चला जाणारे. त्यांनी फर्मान काढलं, की जो गवंडी किंवा मजूर या कामाला हात लावेल त्याला देहान्ताची शिक्षा. आणि कारण काय दिलं? जे मोडलं जाणार आहे ते इतक्या उत्तम रीतीने पुन्हा बांधता येणार नाही.

हे कारण नीट ऐका. यात आमचा धर्म, तुमचा धर्म असा शब्द नाही. शत्रूने बांधलं, पूर्वजांनी बांधलं, असा हिशेब नाही. वस्तू अशी आहे की गेली तर परत येणार नाही, एवढंच म्हणणं आहे. आज आपण ‘वारसा’ हा शब्द सहज वापरतो. पाचशे वर्षांपूर्वीच्या त्या नगरसेवकांजवळ तो शब्द नव्हता, पण त्यामागचा विचार पुरेपूर होता.

वाद सम्राट पाचव्या चार्ल्सकडे गेला. त्याने निकाल बिशपच्या बाजूने दिला. पुढे 1526 मध्ये तो कोर्दोबाला आला, काम पाहून हळहळला आणि म्हणाला, की कुठेही बांधता आलं असतं असं काही बांधायला तुम्ही जगात एकमेव असलेलं मोडलंत. ही गोष्ट प्रत्येक वाटाड्या सांगतो, पण ती नंतर रचलेली असावी. आम्हाला ती थोडी सोयीची वाटते. कारण त्याच सुमारास हा सम्राट ग्रॅनडाला अल्हाम्ब्राच्या आवारात स्वतःचा नवा महाल आखत होता.

काम 1523 ला सुरू झालं, 1607 ला संपलं. 84 वर्षं. एर्नान रुईस नावाच्या वास्तुकाराने सुरुवात केली, पुढे मुलगा, मग नातू असं त्या घराण्याने ते चालवलं. घुमट पुरा केला हुआन दे ओचोआ यांनी. या मंडळींना न्याय द्यायला हवा. त्यांनी मोडलं हे खरं, पण जपून मोडलं. नव्या चर्चच्या दोन्ही अंगांना जुन्या कमानी ठेवल्या, त्यांनाच नव्या बांधकामात गुंफलं. नातवाने जुन्या मिनाराभोवती घंटाघर चढवलं. मिनाराचा बराच भाग अजून त्याच्या पोटात आहे. आज साडेआठशेच्या वर खांब उभे आहेत. अनेक अभ्यासकांचं असंही मत आहे, की मध्यभागी चर्च आलं म्हणूनच बाकीची मशीद टिकली, कारण वापरात असलेल्या छपराची डागडुजी होत राहते. यात तथ्य आहे. पण त्याने नगरसभेचं म्हणणं खोटं ठरत नाही. गेलेले खांब गेलेच.

भांडण अजून मिटलेलं नाही. 1984 मध्ये युनेस्कोने ही वास्तू जागतिक वारशाच्या यादीत घेतली. 2006 मध्ये बिशपच्या कार्यालयाने ती मालमत्ता म्हणून आपल्या नावे नोंदवली, आणि मालक कोण, नाव काय लावायचं, यावरून वाद पेटला. आपल्या उपखंडातल्या इक्बालने 1933 मध्ये इथे येऊन प्रार्थना केली आणि ‘मस्जिद-ए-कुर्तुबा’ ही कविता लिहिली. त्याला इथे मशीदच दिसली. रोज सकाळी तिथे मिस्साला बसणाऱ्या म्हातारीला कॅथीड्रलच दिसतं. दोघांचंही खरं आहे.

ॲरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’मध्ये विचारलं आहे, की राज्यव्यवस्था बदलली तर नगर तेच राहतं का. त्याचं उत्तर साधारण असं, की व्यवस्था बदलली की नगरही दुसरं झालं, मग भिंती त्याच का असेनात. इब्न रुश्दला हा ग्रंथ कधी मिळालाच नाही, त्याने त्याऐवजी प्लेटोच्या ‘रिपब्लिक’वर भाष्य लिहिलं. मिळाला असता तर त्याने काय लिहिलं असतं कोण जाणे. आम्हाला मात्र वाटतं, कोर्दोबाच्या त्या हरलेल्या नगरसेवकांचं उत्तर अधिक शहाणं होतं. इमारत कुणाची, हे आधी ठरवून मग तिची काळजी घ्यायची, असा क्रम त्यांनी लावला नाही. जी परत करता येणार नाही ती आधी सांभाळायची. मालकीचं भांडण पुढच्या पिढ्यांनाही करता येतं, पण त्यासाठी भांडणाची वस्तू शिल्लक राहावी लागते.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर अवश्य विचारा.